खाडीतला गारा

मागच्या महिन्यात आईबाबा परतवाड्याहून आठ दिवस आले होते. आमची मुलुंडची रूम म्हणजे तीन इंजिनिअर, दोन गाद्या आणि एक कुकर, त्यामुळे एरवी त्यांना बोलवायची हिंमतच होत नाही. पण दोन्ही रूममेट एकाच वेळी गावी गेले आणि हा दुर्मिळ योग साधून मी अमरावती एक्सप्रेसची तिकिटं काढली. गेटवे झालं, सिद्धिविनायक झालं, आईला मॉल आवडला नाही हेही झालं. शनिवारी काय दाखवायचं? मग ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला घेऊन गेलो.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाण्याची खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे. एका टोकाला ठाणे, तिथे उल्हास नदीशी एका अरुंद फाट्याने जोडलेली; दुसऱ्या टोकाला मुंबई बंदर. पश्चिमेला मुलुंड, भांडुप, ट्रॉम्बे. पूर्वेला ऐरोली, घणसोली, वाशी. २०१५ मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून बोटीने फिरवून आणतात. आईने फ्लेमिंगोंचे चाळीस फोटो काढले, त्यातल्या अडतीसमध्ये गुलाबी ठिपके आहेत. बाबा मात्र पक्ष्यांकडे बघतच नव्हते. ओहोटी लागली होती, काठाचा चिखल उघडा पडत होता, आणि शेतकरी माणूस त्या चिखलाकडे टक लावून बसलेला.

"हा गारा तं आपल्या वावरातलाच वाटते बावा," ते म्हणाले. "वासच तेवढा लय मारते."

(गारा म्हणजे आमच्या वऱ्हाडात चिखल. आकाशातून पडतात त्या गारा नव्हेत.)

मी हसलो. म्हटलं बाबा, कुठे परतवाडा, कुठे ठाणे. पण ते वाक्य डोक्यात राहिलं आणि घरी आल्यावर नेहमीप्रमाणे शोधाशोध सुरू केली. एक रविवार वाचण्यात गेला, दुसरा हे लिहिण्यात जातोय.

पहिली गोष्ट ही की बाबा बरोबर होते. आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतो तो गाविलगडचा डोंगर आणि कोकणाच्या डोक्यावर उभा असलेला सह्याद्री हे दोन्ही एकाच लाव्हाचे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला बेसाल्ट. तो झिजून वऱ्हाडात कापसाची काळी जमीन झाली, आणि इकडे पावसाने धुऊन खाडीत जाऊन बसला. पाण्यात चिकट, उन्हात भेगाळणारी, बोटांना साबणासारखी लागणारी ती माती भाऊबंदच आहे.

हे नुसतं गमतीचं नाही, मोजमापात त्याने घोळ होतो. खाडीच्या गाळात तांबं, जस्त, शिसं किती हे मोजणं आता सोपं आहे, पण 'जास्त' म्हणजे कशापेक्षा जास्त? जगभर संदर्भ म्हणून शेल नावाच्या गाळाच्या खडकाची सरासरी वापरतात. टुरेकियन आणि वेडेपोल या दोघांनी १९६१ साली दिलेल्या आकड्यांत तांबं ४५ पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत ४५ भाग. जस्त ९५, शिसं २०, पारा ०.४. आता आपल्या बेसाल्टमध्ये तांबं मुळातच शंभराच्या पुढे सहज असतं. म्हणजे एकही कारखाना नसता तरी आपला गाळ या फूटपट्टीवर 'प्रदूषित' निघाला असता! फॉल्स पॉझिटिव्ह. म्हणून जर्मनीच्या म्युलर यांनी १९६९ मध्ये एक निर्देशांक सुचवला: सापडलेलं प्रमाण भागिले मूळ प्रमाणाच्या दीडपट, आणि त्याचा दोनच्या पायाचा लॉगॅरिथम. तो दीडचा आकडा म्हणजे निसर्गातल्या चढउतारासाठी ठेवलेली सूट. मात्र 'मूळ प्रमाण' तुमच्या प्रदेशाचं घ्यायला हवं, जर्मनीचं नव्हे. आणि आपल्याच खाडीचं मूळ प्रमाण कळायला आपल्याच खाडीत इतकं खोल जायला लागतं, की जिथे माणसाचा उद्योग पोचलेला नाही.

पाऱ्याला मात्र ही सबब नाही. बेसाल्टमध्ये पारा जवळजवळ नसतो. आपल्या खाडीच्या गाळात तो भरपूर सापडला तर कोणीतरी आणून टाकला म्हणूनच.

तो कोणी आणला? ही गोष्ट आपल्या कापसापाशी येऊन भिडते असं मला वाटलं नव्हतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्याच वर्षी, महिनाभराने, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला हे आमच्या शाळेतही कोणी जोडून सांगितलं नाही. पुढच्या वर्षी रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला गेली, १८५६ मध्ये मुंबईतली पहिली सूतगिरणी चालू झाली, अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव गगनाला भिडला, आणि १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड पार करून नागपूरला पोचला. एलिचपूरचा, म्हणजे आमच्या अचलपूरचा कापूस मुंबईला जायला लागला. (आमची शकुंतला गाडी नंतरची, आणि तीही बरीच वर्षं बंद आहे. तिच्यावर एकदा वेगळं लिहीन.)

कापसाचं कापड नुसतं विणून विकत नाही कोणी. ते पांढरं करायला क्लोरीन लागतो. त्याला चकाकी आणायला, म्हणजे मर्सराइझ करायला, कॉस्टिक सोडा लागतो. साबण, कागद, रेयॉन, सगळ्याला कॉस्टिक सोडा. आणि क्लोरीन व कॉस्टिक सोडा ही जुळी भावंडं आहेत: मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की दोन्ही एकदम मिळतात. अडचण एवढीच, की मिळाल्यावर ती परत एकमेकांत मिसळतात. १८९२ मध्ये कास्टनर आणि केलनर या दोघांनी स्वतंत्रपणे यावर तोडगा काढला. ऋण ध्रुव म्हणून वाहता पारा वापरायचा. मिठातलं सोडियम पाऱ्यात विरघळतं, क्लोरीन वर निघून जातो, मग तो सोडियमवाला पारा दुसऱ्या टाकीत नेऊन त्यावर पाणी सोडायचं. कॉस्टिक सोडा तयार, पारा परत पहिल्या टाकीत. पारा फक्त ने-आण करतो, संपत नाही. इंजिनिअर म्हणून सांगतो, रचना फार देखणी आहे.

कागदावर संपत नाही. प्रत्यक्षात तो मिठाच्या गाळाबरोबर जातो, फरशी धुतलेल्या पाण्याबरोबर जातो, हायड्रोजनबरोबर वाफ होऊन जातो, थोडासा मालाबरोबरही जातो. आमच्या भाषेत मेमरी लीक. रोज थोडी, कोणाच्या लक्षात न येणारी. आणि या पद्धतीचा सोडा मिठाच्या अंशापासून इतका शुद्ध असायचा की रेयॉनवाल्यांना तोच हवा असे. कल्याणजवळ अंबिवली-मोहने भागात रेयॉनचा मोठा कारखाना स्वातंत्र्याच्या सुमाराला उभा राहिला, त्याच्या जोडीला कॉस्टिक सोडा आलाच. तिथलं पाणी काळू-उल्हासच्या वाटेने खाली खाडीकडे. मग १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, ठाण्याला वागळे इस्टेट आली, खाडीच्या पूर्व काठाला ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे, खतांचे, पेट्रोकेमिकल्सचे कारखाने ओळीने बसले. आज त्याच रस्त्यावर काचेच्या इमारतींत बसून आपण कोड लिहितो. ऐरोली, महापे, घणसोली. आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं की या पट्ट्यात एकेकाळी काय काय शिजत होतं? मला सहा वर्षं नव्हतं.

आता इतिहासाचा खरा प्रश्न. किती पारा गेला, कधी गेला, याची नोंद कुठे आहे?

पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा, मंडळ स्थापन झालं ७ सप्टेंबर १९७० ला, देशाचा कायदा १९७४ चा. त्याआधी कारखान्याने सांडपाण्यात काय सोडलं याची नोंद ठेवायला कोणी बांधीलच नव्हतं. समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थासुद्धा १९६६ ची. तिच्या झिंगडे आणि देसाई या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडी आणि मुंबई बंदरातल्या पाऱ्यावरचा लेख प्रसिद्ध केला तो १९८१ मध्ये. म्हणजे सिस्टीम कित्येक वर्षं प्रोडक्शनमध्ये चालू, आणि लॉगिंग कोणी चालूच केलेलं नाही.

पण लॉगिंग चालू होतं. गारा करत होता.

हे कसं, ते जरा निवांत सांगतो, कारण मला यातच सगळ्यात मजा आली. नदीचं गोडं पाणी मातीचे अतिबारीक कण घेऊन येतं. हे कण एकमेकांना ढकलत असतात म्हणून तरंगतात. खाडीत खारं पाणी लागलं की ढकलाढकली थांबते, कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि तळाशी बसतात. येताना पाण्यातले धातू त्यांच्या अंगाला चिकटलेले असतात. बारीक मातीचा पृष्ठभाग अफाट, त्यात कुजलेला पालापाचोळा आणि आपलं सांडपाणी, त्यामुळे पारा, शिसं, कॅडमियम यांना पाण्यात राहण्यापेक्षा गाळात बसायला आवडतं. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर. समजा वर्षाला एक सेंटीमीटर साचला (जागेप्रमाणे हे खूप बदलतं), तर मीटरभर खाली शंभर वर्षांपूर्वीची खाडी आहे.

मग एक नळी उभी गाळात खुपसायची, अलगद वर काढायची, आणि केळ्यासारख्या चकत्या करायच्या. प्रत्येक चकतीत धातू मोजायचे. राहिला टाइमस्टॅम्प. तो दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे शिसं-२१०. जमिनीतून रेडॉन वायू निघतो, हवेत त्याचं शिसं-२१० होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. वरच्या थरात जास्त, खाली निम्मं, आणखी खाली पाव. त्यावरून वय काढता येतं, साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत. दुसरा सिझियम-१३७, हा निसर्गात नसतोच. अणुबॉम्बच्या चाचण्या हवेत व्हायला लागल्यावर तो जगभर पडायला लागला आणि १९६३ च्या सुमाराला त्याने शिखर गाठलं. त्याच वर्षी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला आणि तो उतरला. म्हणून नळीत सिझियम जिथे सगळ्यात जास्त, ती चकती १९६३ ची. कुठे नेवाडातले, कुठे आर्क्टिकमधले स्फोट, आणि त्यांची तारीख ठाण्याच्या चिखलावर उमटलेली.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. सिझियमची ही घड्याळं वापरून ठाणे खाडीतल्या शिसं आणि पाऱ्याच्या प्रदूषणाचा कालपट मांडणारा त्यांचा लेख २००३ मध्ये आला. त्याच वर्षी समुद्रविज्ञान संस्थेच्या गटाने उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्याचा लेख छापला. भाभा केंद्र स्वतः याच खाडीच्या तोंडाशी, ट्रॉम्बेला आहे, त्यामुळे नळी फार लांबून आणावी लागली नसेल. :-)

शिशाची गोष्टही त्या चकत्यांत येते. पेट्रोलमध्ये आपण शिसं घालत होतो ते २००० साली देशभर बंद झालं, आणि तोवर मुंबईच्या प्रत्येक गाडीच्या धुरातलं शिसं पावसाने धुऊन शेवटी इथेच येत होतं. ते कोणा एका कारखान्याचं नव्हे. आपल्या सगळ्यांचं.

लॉग फाइल परिपूर्ण नाही हेही सांगायला हवं. चिंबोऱ्या बिळं करतात, निवट्या उड्या मारतात, किडे वरची माती खाली आणि खालची वर करतात. ते वाचणाऱ्याला ओळखता यायला लागतं. पण गाळ उपसणारं ड्रेझर एकदा फिरलं की पानंच फाटतात. बंदराच्या बाजूला ते सतत फिरत असतं, जहाजांना खोली लागते ना.

पाऱ्याचं पुढे काय होतं हे जगाला जपानमधल्या मिनामाता गावाने दाखवलं. तिथला कारखाना १९३२ पासून पारा वापरून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवत होता आणि सांडपाणी उपसागरात सोडत होता. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मेली, मग १ मे १९५६ ला आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या गटाने पाऱ्याकडे बोट दाखवलं. तरी ते उत्पादन बंद झालं १९६८ मध्ये. मधली नऊ वर्षं वाचताना फार राग येतो. मग उपसागरातला २५ पीपीएमच्या वर पारा असलेला गाळ १९७७ ते १९९० पर्यंत उपसला, सुमारे १५ लाख घनमीटर. तो टाकून वर ५८ हेक्टर जमीन तयार केली. आज तिथे बाग आहे. बागेखाली तो गाळ आहेच.

आपल्याकडे मिनामाता झालं नाही, आणि ठाणे खाडी म्हणजे मिनामाता असं म्हणणं चूक ठरेल. तिथे कारखान्यातूनच मिथिल मर्क्युरी बाहेर पडत होतं, जे थेट माशात आणि माशातून मेंदूत जातं. आपल्या गाळातला बहुतेक पारा गंधकाशी बांधला जाऊन पडून राहतो (बाबांना आलेला वास त्याच गंधकाचा). पण त्याच काळ्या, बिनप्राणवायूच्या गाळात काही जिवाणू असे आहेत की जे साध्या पाऱ्याचं मिथिल मर्क्युरी करतात. किती करतील ते क्षारांवर, कुजणाऱ्या मालावर, गाळ ढवळला जातो का यावर ठरतं. लहान मासा खातो, त्याला मोठा खातो, त्याला जिताडा खातो, आणि जिताडा आपण खातो. प्रत्येक पायरीला प्रमाण वाढत जातं.

कारखान्यांबद्दल एक चांगली गोष्ट: २००३ मध्ये केंद्राने उद्योगांबरोबर एक सनद केली, त्यात पाऱ्याच्या टाक्या २०१२ पर्यंत बंद करून पडद्याच्या पद्धतीकडे जायचं ठरलं, आणि कॉस्टिक सोडावाले बहुतांशी तसे गेलेही. मिनामाता करार २०१३ चा. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. म्हणजे नवा पारा यायचा जवळपास थांबला. जुना आहे तिथेच आहे, वर स्वच्छ थर बसत जातोय. आमच्याकडे याला बग फिक्स म्हणत नाहीत, कॉमेंट आउट म्हणतात.

हे सगळं मी बाबांना बुधवारी जेवताना सांगितलं, जरा तावातावानेच. कारखानेवाले असे, सरकार तसं. बाबांनी शांतपणे भाकरी मोडली.

"पारा तं आपल्याकडंबी होता," ते म्हणाले. "मी लहान होतो तवा तुहा आजा पेराच्या आंधी बियाले पावडर चोळे. अ‍ॅग्रोसान म्हणत तिले. डब्यावर कवटी होती. आमी हातानंच चोळो ना, अन मंग त्याच हातानं भाकर खाओ."

मी ताडकन लॅपटॉप उघडला. अ‍ॅग्रोसान जीएन: फेनिल मर्क्युरी अ‍ॅसिटेट. बुरशीनाशक. बियाणं टिकावं म्हणून त्या काळात देशभर शिफारस केलेलं. तसल्याच, पण जास्त विषारी मिथिल मर्क्युरी लावलेला गहू १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पेरण्याऐवजी लोकांनी दळून खाल्ला. साडेसहा हजारांहून जास्त माणसं इस्पितळात गेली, त्यातली ४५९ तिथेच मेली. आपल्याकडे फेनिल मर्क्युरी अ‍ॅसिटेटवर पुढे बंदी आली. पण तोवर किती हंगाम, किती वावरं, किती डबे?

आणि त्या वावरातली माती कुठे जाते? सापन, बिच्छन, पुढे पूर्णा. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, तापी सुरतेजवळ समुद्राला. परतवाडा समुद्रापासून कितीही लांब असला तरी आमचा गारा दर पावसाळ्यात तिकडेच निघालेला असतो. त्याचाही थर कुठेतरी बसला असणार, त्यालाही कोणीतरी नळी खुपसू शकेल.

आईबाबा रविवारी परत गेले. त्याआधी पुन्हा एकदा खाडीवर जायचं म्हणून बाबाच मागे लागले होते. या वेळी बोटीवर दिवा कोळीवाड्यातले एक काका होते. त्यांना बाबांनी थेट विचारलं, इथला मासा खाता का? काका म्हणाले, आम्ही नाही खाणार तर कोण खाणार. पण जिताडा आता मिळतो कुठे, कोळंबीही पहिल्यासारखी नाही, पोरं नोकरीला लागली. एक पोरगा आयटीतच आहे, महाप्याला. मग दोघं बराच वेळ भरती-ओहोटी आणि पाऊसपाणी यावर बोलत बसले, आणि मी आईचे फोटो काढले.

सोमवारी बाबांचा फोन आला, पोचल्याचा. मी म्हटलं, माशातल्या पाऱ्याची आपल्याकडे मर्यादा आहे, साधारण किलोला अर्धा मिलिग्रॅम, मोठ्या शिकारी माशांना थोडी जास्त. ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आपल्या पूर्णेतला मासा कोणी मोजते का?"